हिशेबाचे बियाणे वेगळे राखा



खायची ज्वारी आणि पेरायची ज्वारी एकाच कणगीत ठेवण्याची आपल्याकडे कधीच रीत नव्हती. खळ्यावरच टपोरी कणसे निवडून बाजूला काढायची, ती आढ्याला बांधायची किंवा राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची, आणि घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावायचा नाही, हा आपल्या आजीचा दंडक होता. एक साल पीक गेले तरी चालेल, पण बियाणे गेले तर पुढचे सालही गेले, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आज आपल्या घरात आणखी एक पीक साठते आहे. ते म्हणजे नोंदी. दूध संकलन केंद्राचे फॅट, एसएनएफ आणि लिटरचे आकडे, कृषी सेवा केंद्राची उधारी, रोपवाटिकेच्या आगाऊ मागण्या, निर्यातीच्या द्राक्षबागेतील फवारण्यांच्या तारखा, बचत गटाचे हप्ते, शेतकरी उत्पादक कंपनीचा सगळा कारभार. पूर्वी हे लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांत असे. आता ते कॉम्प्युटरमध्ये किंवा घरातल्या मोबाईलमध्ये आहे. काम सोपे झाले यात शंका नाही. पण या पिकाचे बियाणे आपण वेगळे राखले आहे का? दहा ठिकाणी विचारावे तर आठ ठिकाणी उत्तर मिळते, "साहेब, कॉम्प्युटरमध्ये आहे की सगळं!" म्हणजे खायचे आणि पेरायचे एकाच कणगीत.

वीज पडली आणि बिल अडकले

आमच्या भागातील एका दूध संकलन केंद्राची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते कोणतेही गाव असू शकते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच वीज पडली आणि केंद्रावरचा कॉम्प्युटर जळाला. सचिव हुशार होते. ते रोज पेनड्राईव्हवर नक्कल घेत. परंतु तो पेनड्राईव्ह कॉम्प्युटरलाच खोचलेला असे, आणि तोही त्याच झटक्यात गेला. दहा दिवसांचे बिल दोन दिवसांवर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "अप्पा, माझं दहा दिसांचं बिल बुडालं म्हणायचं का?"

सचिव म्हणाले, "बुडायचं न्हाई मावशी. तुमच्या चिठ्ठ्या हायत का घरात?"

"चिठ्ठ्या कुठल्या रं? चुलीत गेल्या त्या."

ज्यांनी छापील चिठ्ठ्या जपल्या होत्या त्यांचा हिशेब जुळला. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना मागच्या बिलाच्या सरासरीने पैसे द्यावे लागले. ज्यांची गाय नुकतीच व्याली होती, त्यांचे दूध वाढलेले होते. त्यांना वाटले आपण नागवले गेलो. ज्यांची आटत आली होती त्यांना चार पैसे जास्त मिळाले, ते गप्प बसले. कॉम्प्युटर तर दुसरा आला. पण गावात जी कुरबूर सुरू झाली ती बरेच दिवस मिटली नाही. नोंद गेली म्हणजे नुसता आकडा जात नाही, माणसाचा विश्वास जातो, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

या केंद्राने नक्कल घेतली नव्हती असे नाही. ती परत मिळाली नाही, एवढेच. या लेखात जे सांगायचे आहे त्याचे सार हेच आहे. नक्कल घेणे महत्त्वाचे आहेच, पण ती अडचणीच्या दिवशी परत हातात येईल की नाही, यावरच तिची किंमत ठरते. बॅकअपची सेवा निवडतानाही याच कसोटीवर निवडावी.

ऑनलाईन बॅकअप म्हणजे काय?

बॅकअप म्हणजे आपल्या नोंदींची वेगळी ठेवलेली नक्कल. ऑनलाईन बॅकअप म्हणजे ती नक्कल इंटरनेटच्या तारेवरून दूरच्या गावी, दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवणे. लोक त्याला 'क्लाऊड' म्हणतात. क्लाऊड म्हणजे ढग. पण तुमच्या नोंदी आभाळात नसतात. त्या एखाद्या शहरातील पक्क्या इमारतीत, हजारो यंत्रांच्या रांगेत कुठेतरी असतात. मुंबई, पुणे, चेन्नई येथेही अशी मोठी केंद्रे आहेत. थोडक्यात, ही सरकारी गोदामासारखी भाड्याची जागा समजावी. माल आपला, जागा दुसऱ्याची.

एवढ्या लांब ठेवायचे कशाला, असे कोणी विचारील. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा घरे आणि दुकाने कित्येक दिवस पाण्यात होती. अशा वेळी कॉम्प्युटर टेबलावर आणि पेनड्राईव्ह कपाटात असला तरी पाणी दोघांनाही सारखेच. आग, चोरी, वीज यांचेही तसेच. एकाच छपराखालच्या दोन नकला ही खरी तर एकच नक्कल होय.

जाणकार मंडळी यासाठी ३-२-१ असा सोपा नियम सांगतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला. नोंदींच्या एकूण ३ प्रती असाव्यात. त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी १ तरी दुसऱ्या गावी असावी. पहिली प्रत कामाच्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर, आणि तिसरी ऑनलाईन. म्हणजे ऑनलाईन सेवा घेतली म्हणून पेनड्राईव्ह फेकून द्यायचा नाही. मात्र नक्कल झाली की तो कॉम्प्युटरमधून काढून वेगळ्या ठिकाणी ठेवायचा.

आधी घरातला माल पाहा

बियाणे घेण्याआधी आपण जमीन पाहतो. तसे सेवा घेण्याआधी आपल्याजवळ काय आहे ते पाहावे. एक कोरा कागद घ्या आणि त्याचे दोन भाग करा.

पहिल्या भागात ज्या गोष्टी दुसऱ्याच्या दप्तरी आहेत त्या लिहा. सातबारा आणि आठ-अ महसूल खात्याकडे आहेत. बँकेचा उतारा बँकेत मिळतो. भरलेली जीएसटी विवरणपत्रे सरकारी संकेतस्थळावर असतात. हे कागद हरवले तर हेलपाटा पडेल, पण ते पुन्हा मिळतील.

दुसऱ्या भागात ज्या गोष्टी जगात फक्त आपल्याकडेच आहेत त्या लिहा. उधारीची खतावणी, दुधाच्या रोजच्या नोंदी, फवारणीची डायरी, मजुरांची हजेरी, कोणाची किती रोपे आगाऊ मागणीत आहेत, कोणत्या गाईला कधी रेतन केले. या गेल्या तर कोणत्याही कचेरीत मिळणार नाहीत. बॅकअप घ्यायचा तो आधी यांचा.

मग प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहा. किती दिवसांच्या नोंदी गेल्या तर मी सहन करू शकेन? रोपवाटिकेवाला म्हणेल, आठवडाभराचे मी आठवून लिहीन. दूध केंद्राला एक वेळचे संकलन गेले तरी चालणार नाही. त्यावरून बॅकअप रोज हवा की आठवड्याला हे ठरते.

शेवटी वजन पाहा. हिशेबाची माहिती हलकी असते. लहान दुकानाचा वर्षाचा हिशेब सहसा काहीशे एमबीच्या पुढे जात नाही. जागा खातात ते फोटो. मोबाईलच्या एका फोटोला ३ ते ५ एमबी धरली तर १००० फोटोंना ३ ते ५ जीबी लागतात. हिशेबासोबत लग्नाचे फोटो आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ भरू नका. पिशवी त्यानेच भरते आणि मग हिशेबाला जागा उरत नाही.

सेवा निवडताना विचारायचे सात प्रश्न

गुरांच्या बाजारात आपण बैलाचे दात पाहतो, चालवून पाहतो, मगच रुमालाखाली बोटे धरतो. सेवेच्या बाबतीतही विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नये. पुढील प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत.

*१. हा बॅकअप आहे की नुसता आरसा?* काही सेवा तुमच्या कॉम्प्युटरमधील फाईल जशीच्या तशी वर दाखवतात. याला सिंक म्हणतात. हा आरसा आहे. तोंडाला काळे लागले की आरशातल्या तोंडालाही लागते. मुलाने चुकून फाईल पुसली की वरचीही पुसली जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रामने अनेक देशांतील कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा हल्ला झाला तर खराब झालेली फाईलच आरशात जाऊन बसते. म्हणून विचारावे: जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता? गूगल ड्राईव्हमध्ये पुसलेली फाईल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि त्यानंतर कायमची जाते. ऑगस्टमध्ये पुसलेली उधारीची फाईल दिवाळीला आठवली, तर काय उपयोग? हंगामाच्या हिशेबाला निदान वर्षभर मागे जाता आले पाहिजे.

*२. नक्कल कुठे ठेवता?* १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्या गिऱ्हाइकांची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होती, त्यांचे दोन्ही गेले. त्यांपैकी बॅकअपसाठी वेगळे पैसे भरलेल्या एका गिऱ्हाइकाला भरपाई देण्याचा आदेश तेथील व्यापारी न्यायालयाने २०२३ साली दिला. भरपाई मिळाली तरी माहिती परत येत नाही. म्हणून नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवता का, हे लेखी विचारावे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. या कंपन्या कंपनी कायद्याखाली येतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपनीच्या कॉम्प्युटरवरील हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असला पाहिजे. हिशेबवह्या ८ वर्षे जपण्याचेही बंधन आहे. जीएसटीत नोंदलेल्या दुकानदाराला वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला हे विचारून मगच सेवा ठरवावी.

*३. कुलूप कसले आणि किल्ली कोणाकडे?* माहिती तारेवरून जाताना आणि तिकडे ठेवलेली असताना कुलूपबंद असली पाहिजे. काही सेवा अशी सोय देतात की किल्ली फक्त तुमच्याकडेच राहते. कंपनीच्या माणसालाही आत पाहता येत नाही. हे चांगले, पण त्यात एक मेख आहे. ती किल्ली म्हणजे खास पासवर्ड हरवला तर कंपनीही कुलूप उघडू शकत नाही. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्या दस्तऐवजांच्या पेटीत ठेवावा. भिंतीवर खडूने लिहू नये आणि कॉम्प्युटरवर चिकटवूही नये.

*४. खाते कोणाच्या नावावर?* गावोगावी हीच मोठी चूक दिसते. केंद्रावर काम करणारा मुलगा आपल्याच जीमेलवर सगळे चढवतो. पुढे त्याला पुण्याला नोकरी लागते, त्याचा मोबाईल नंबर बदलतो, आणि संस्थेचा हिशेब त्याच्यासोबत निघून जातो. मुलाचा दोष नसतो. खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या मोबाईल नंबरावर उघडावे. ओटीपी त्याच नंबरावर येतो, तेव्हा त्या सिमचे रिचार्ज थांबू देऊ नये. संस्थेने ठराव करून दोन जबाबदार माणसांकडे पासवर्ड ठेवावा.

घरच्या खात्याचेही तसेच. शेतीची वारसनोंद आपण करतो, मग हिशेबाची का नको? गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. तिच्यात आपल्या पश्चात माहिती कोणाला द्यायची ती माणसे, दहापर्यंत, नेमता येतात. घरधनी गेल्यावर घरच्या लक्ष्मीला उधारी कोणाकडे किती हे ठाऊक नसणे, यासारखी दुसरी अडचण नाही. हिशेब ठेवणाऱ्याने कारभारणीला आधी खाते उघडून दाखवावे.

*५. आमच्या गावच्या लाईनीला हे झेपेल का?* इंटरनेटवरून माहिती खाली येते त्यापेक्षा वर जायला बहुधा जास्त वेळ लागतो. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने माहिती वर जात असेल तर १० जीबी चढायला सुमारे ११ तास लागतात. शिवाय मध्ये वीज जाते. म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. मध्येच तुटले तर पुढे तिथूनच सुरू होते का? आणि पहिल्यांदा सगळे चढवून झाल्यावर रोज फक्त नवा बदल जातो का? या दोन्ही असतील तर खेड्यातल्या लाईनीवरही काम होते. बॅकअपची वेळ संध्याकाळचे संकलन आटोपल्यावर किंवा रात्री लावावी. आणि तो आपोआप झाला पाहिजे. 'आठवणीने घेऊ' असे म्हणणाऱ्याचा बॅकअप नेमका पेरणीच्या आणि तोडणीच्या घाईत राहतो.

*६. पैसे थकले किंवा कंपनी उठली तर?* भाडे महिन्याचे की वर्षाचे, रुपयांत की डॉलरमध्ये, त्यावर जीएसटी वेगळा का, आणि दुसऱ्या वर्षी दर किती, हे आधी विचारावे. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नये. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी गिऱ्हाइकाची आगाऊ परवानगी नोंदलेली असावी लागते. ती नसली की हप्ता जात नाही आणि सेवा बंद पडते. हप्ता चुकल्यावर माहिती किती दिवस ठेवता, हे लेखी घ्यावे.

मोठ्या कंपन्याही धंदा बदलतात. क्रॅशप्लॅन ही सेवा देणाऱ्या अमेरिकन कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांची सेवा बंद करीत असल्याचे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद झाली. मुदत मिळाली हे खरे, पण जागरूक होते त्यांनीच माल वेळेवर हलवला. फुकटच्या खात्यालाही अटी असतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसून टाकू शकते. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. म्हणून नुसते भरून ठेवलेले खाते अधूनमधून उघडावे.

*७. परत कसे मिळेल?* हा प्रश्न शेवटी लिहिला, पण तो पहिला समजावा. एक फाईल हवी असेल तर काय करायचे? सगळे हवे असेल तर किती वेळ लागेल? दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवता येईल का? मदतीला फोनवर माणूस मिळतो का, आणि तो मराठी किंवा हिंदी बोलतो का? बॅकब्लेझ नावाची कंपनी गिऱ्हाइकाची माहिती हार्डडिस्कवर भरून घरपोच पाठवण्याचीही सोय देते. आपल्याकडचा विक्रेता काय देतो ते विचारावे. उधारीचे मोबाईल ॲप वापरत असाल तर नोंदी एक्सेल किंवा पीडीएफ स्वरूपात बाहेर काढता येतात का ते पाहावे. जिथून माल बाहेर काढता येत नाही ते गोदाम नव्हे, तो कोंडवाडा आहे.

कोणाला काय पुरेल?

*घरची शेती आणि बचत गट:* यांना पैसे खर्च करण्याची गरज सहसा पडत नाही. गूगलच्या मोफत खात्यात साधारणपणे १५ जीबी जागा असते, पण ती ड्राईव्ह, जीमेल आणि फोटो या तिन्हींची मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हमध्ये ५ जीबी मोफत असते. हिशेबासाठी वेगळे खाते उघडा, त्यात फोटो जाऊ देऊ नका, आणि दर आठवड्याला त्या दिवसाची तारीख नावात टाकून नवी फाईल चढवा. जुन्या फाईलवर नवी लिहू नका. तारीखवार फायली असल्या म्हणजे आरशाचा दोष बराचसा टळतो. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले तरी तो बॅकअपच आहे.

*दूध केंद्र, कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका:* यांनी पैसे देऊन आपोआप चालणारी, रोजची आणि जुन्या आवृत्त्या ठेवणारी सेवा घ्यावी. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बॅकअप आणि रिस्टोअर अशी दोन्ही कामे दिलेली असतात. संकलन यंत्रासोबत आलेला प्रोग्राम असेल तर त्याची माहिती कोणत्या फोल्डरमध्ये साठते, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावे. पुष्कळदा बॅकअप भलत्याच फोल्डरचा चालू असतो.

*शेतकरी उत्पादक कंपनी:* यांनी वर सांगितलेला कायदा पाहून, भारतातील सर्व्हर लेखी मान्य करणारी आणि रीतसर पावती देणारी सेवा घ्यावी. सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाती तुमच्याजवळ आहेत. ती फुकटच्या जागेत उघडी ठेवणे योग्य नव्हे.

उगवणशक्ती तपासल्याशिवाय पेरू नका

सोयाबीन पेरण्यापूर्वी आम्ही दर साल गावोगाव सांगतो, घरचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि किती उगवतात ते पाहा. ७० उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. दाणा वरून कितीही चकचकीत असला तरी आतला अंकुर जिवंत आहे का, हे गोणपाटच सांगते.

बॅकअपचीही अशीच तपासणी हवी. 'बॅकअप पूर्ण झाला' ही हिरवी खूण म्हणजे वरची चकाकी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नावाजलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मोठी माहिती पुसली गेली. त्यांच्याकडे बॅकअपचे एक-दोन नव्हे, पाच उपाय होते. ऐनवेळी त्यांतला एकही भरवशाने चालत नसल्याचे आढळले. सुमारे ६ तासांपूर्वीची एक नक्कल हाती होती म्हणून बाकीचे वाचले. जे तज्ज्ञांचे झाले ते आपलेही होऊ शकते.

तपासणीची रीत सोपी आहे.

पहिले, आपला नेहमीचा कॉम्प्युटर सोडून दुसरा घ्या. शेजाऱ्याचा किंवा मुलीच्या कॉलेजचा लॅपटॉप चालेल. दुसरे, त्यावर खाते उघडा आणि मागच्या महिन्यातील एका दिवसाची फाईल उतरवा. तिसरे, ती नव्या, रिकाम्या फोल्डरमध्येच उघडा. चालू हिशेबावर कधीही उतरवू नका, नाहीतर जुने नव्यावर बसेल आणि तपासणीच नुकसान करील. चौथे, त्या दिवसाची बेरीज छापील पावतीशी किंवा वहीशी ताडून पाहा. पाचवे, याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा, आणि काम झाल्यावर त्या परक्या कॉम्प्युटरवरून फाईल पुसून खाते बंद करा.

बियाण्यात १०० पैकी ७० चालतात. हिशेबात १०० पैकी १००च उगवले पाहिजेत. सेवा विकत घेण्यापूर्वी बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरू देतात. त्या दिवसांत नुसती माहिती चढवून समाधान मानू नका. ही तपासणी करा. जी सेवा तिच्यात उतरेल तिलाच पैसे द्या, मग तिचे नाव मोठे असो की लहान.

दोन धोक्याच्या सूचना

'तुमचा बॅकअप बंद पडणार आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कोणतीही खरी कंपनी ओटीपी विचारीत नाही. तसेच अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर दुरून चालवण्याचे ॲप उतरवू नये. दारात आलेल्या अनोळख्याच्या हाती आपण कणगीची किल्ली देत नाही.

दुसरे असे की, बॅकअप आला म्हणून छापील कागद मोडीत काढू नयेत. दुधाची चिठ्ठी, दुकानाची पावती, महिन्याच्या शेवटी छापलेला एक ताळेबंद यांना वीज लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. घरातील बायाबापड्यांनी दुधाच्या चिठ्ठ्या बिल हाती येईपर्यंत तारेला ओवून ठेवाव्यात.

वर्षाचे वेळापत्रक

रोज आपोआप बॅकअप. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बाहेरच्या हार्डडिस्कवर एक नक्कल, आणि ती दुसऱ्या घरी. दर तीन महिन्यांनी वर सांगितलेली तपासणी. मार्चअखेर हिशेब बंद झाला की त्या सालाची एक नक्कल वेगळी काढून, साल लिहून कायमची ठेवणे. मे महिन्यात, वळीव येण्याआधी, एकदा सगळे नीट पाहून घेणे. आणि हिशेब पाहणारा माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलणे.

या कामाला फार शिक्षण लागत नाही. घरातील दहावी-बारावीची मुले ते एका दुपारी शिकतात. पण कोणत्या नोंदी मोलाच्या, हे त्यांना थोरांनीच सांगितले पाहिजे. म्हणून येत्या रविवारी दोघे मिळून बसा. तो कोरा कागद घ्या, फक्त आपल्याकडेच असलेल्या नोंदी लिहून काढा, आणि प्रत्येकीपुढे तिची दुसरी प्रत कुठे आहे ते लिहा. जिच्यापुढे जागा कोरी राहील, तिच्यापासून कामाला सुरुवात करा.